माळावर उलटलेले विमान

नरसीला नामदेवांच्या दर्शनाला जाणारे भाविक सोडले, तर हिंगोलीकडे बाहेरचा माणूस कामाशिवाय फिरकत नाही. मीही कामासाठीच गेलो. बहात्तरच्या दुष्काळावर दोन पावसाळे होऊन गेले होते. भाद्रपदात परभणी जिल्ह्याच्या त्या टोकाला कपाशीवर विमानाने औषध फवारण्याचे काम चालू होते, आणि गोरेगावजवळच्या माळावर उतरताना त्यातले एक लहान विमान उलटले. पुण्याला आमच्या कचेरीत आलेली बातमी चार ओळींची होती. धावपट्टीवर गाय आली, वैमानिक जखमी, तांड्यावरचा पहारेकरी ताब्यात.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी कारण आणि गुन्हेगार दोन्ही हाती लागले, की ती बातमी मी पुन्हा एकदा वाचतो. संपादकांनीही वाचली असावी. ते म्हणाले, "जाऊन या. गाय भेटली तर तिच्याशीही बोला."

हिंगोली

पूर्णेला गाडी बदलून छोट्या रुळावरच्या गाडीने हिंगोली गाठली. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात बसल्याबरोबर, न विचारता, पाण्याचा तांब्या आणि चहा समोर आला. पुण्यात चहा घेणार का असे आधी विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. इथे तशी पद्धत नाही. हॉटेलवाल्याने माझी पिशवी, छत्री आणि बूट पाहून निकाल देऊन टाकला, "विमानासाठी आले का? गाईनं पाडलं म्हणतेत."

"तुम्ही पाहिलं?"

"मी काहून पाहू? मी हितं भजे तळून राहिलो. समदे म्हणतेत."

वैमानिक दवाखान्यात होता. कॅप्टन सूद, पंजाबकडचा, चाळिशीच्या आसपासचा. उजवा हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके. बोलायला तयार होता. माझ्या अपेक्षेपेक्षा जास्तच तयार होता. मी वही उघडण्याआधीच त्याने हकिकत सांगून टाकली. सकाळची दुसरी फेरी. टाकी रिकामी करून परत येत होता. चाके टेकली, तेवढ्यात पट्टीवर गाय. ब्रेक दाबला, गवत ओले होते, विमान घसरत नाल्यात गेले आणि नाकावरून उलटले.

"गाय कोणत्या रंगाची होती?" मी विचारले.

"रंग कौन देखता है भाई? उस वक़्त?"

"पण गाय पाहिलीत?"

"चौकीदार पट्टी पे दौड़ रहा था. कपड़ा हिला रहा था. जानवर नहीं था तो किसको हाँक रहा था?"

म्हणजे त्याने पाहिला होता तो माणूस. गाय त्याने त्या माणसावरून काढली होती. दोन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्या. निघताना विचारले, की त्या सकाळी वारा कसा होता. "हवा थी ही नहीं," तो म्हणाला, आणि प्रथमच नजर खिडकीकडे वळवली. खिडकीचा पडदा फुगून आत आला होता. तो आजचा वारा होता, त्या दिवशीचा नव्हे. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी तेही मी लिहून ठेवले.

माळ

फवारणी कंपनीचा तळ सांभाळणारा माणूस दळवी. नाशिककडचा, विमानाचा मेकॅनिकही तोच. त्याने मला जीपमधून माळावर नेण्याची तयारी आपण होऊन दाखवली. जीपच्या पुढच्या बाजूला पाण्याने भरलेली कॅनव्हासची छागल लटकत होती. सेनगाव मागे पडल्यावर रस्ता काळ्या रानातून जातो. पाऊस उघडला होता, पण चिखल वाळला नव्हता. एका ओढ्यापाशी जीप रुतली. ढकलायला उतरलो तेव्हा माझा डावा बूट चिखलाने ओढून घेतला. बाजूच्या शेतातल्या दोन बाया निंदण थांबवून पाहत होत्या. एक म्हणाली, "आमची जमीन पाव्हण्याला सोडत न्हाई, भाऊ." बूट निघाला, आतून बाहेरून एकाच रंगाचा होऊन निघाला.

रस्ताभर दळवी बोलत होता. तांड्याचे लोक, त्यांची जनावरे, सांगूनही न ऐकणे. या माळावर पूर्वापार तांड्याची गुरे चरत. कंपनीने पट्टीसाठी माळ घेतला तेव्हा तांड्याच्या नायकाशी बोलणे झाले: गुरे नाल्यापलीकडे चारायची, आणि पहाऱ्याचे काम तांड्यातल्याच एका माणसाला द्यायचे. म्हणून थावरू राठोड पहारेकरी झाला. "त्यांच्याच माणसाला ठेवलं, म्हणजे त्यांची गुरं येणार नाहीत, असा हिशेब," दळवी म्हणाला. "उलटाच पडला."

माळ चांगला उंचावर आहे. पट्टी पूर्व-पश्चिम. पश्चिमेच्या टोकाला दुष्काळी कामातून बांधलेला पाझर तलाव, पूर्वेच्या टोकाला नाला आणि नाल्यालगत रस्ता. औषधाची पिंपे, पाण्याचा टँकर आणि दळवीचा तंबू रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. विमान नाल्यात पाठीवर पडले होते, चाके आभाळाकडे. औषधाचा उग्र वास इतका, की जवळ जाताच डोळे चुरचुरू लागले. जवळच्या बाभळीवर एकही पाखरू नव्हते.

चाकांचे वण अजून स्पष्ट होते. तळ्याकडून आले होते आणि नाल्याकडे गेले होते. सरळ. जनावर चुकवायला माणूस थोडा तरी बाजूला वळेल. हे वण कुठेच वळलेले नव्हते. घसरण्याच्या खुणा पट्टी जवळजवळ संपल्यावर सुरू होत होत्या. त्या सगळ्या लांबीवर ओल्या मातीत माणसाची पावले होती, अनवाणी, धावतानाची. खूर मला दिसला नाही. पाऊस अपघाताच्या आदल्या रात्री पडला होता आणि नंतर पडलेला नव्हता, हे दळवीनेच सांगितले होते.

"गाय कुठून आली?" मी विचारले.

त्याने हात हवेत फिरवला. "अशी."

तेवढ्यात माझी छत्री उलटी झाली. तळ्याकडून वारा भर्रकन आला आणि काड्या बाहेर काढून गेला. दळवी हसला. "भाद्रपदात इथं पश्चिमेचाच वारा. सकाळपासून सुरू होतो."

"विमान वाऱ्याला तोंड करून उतरवतात ना?"

"हो."

"म्हणजे नाल्याकडून येऊन तळ्याकडे तोंड करून. मग त्या दिवशी तळ्याकडून का आलं?"

आता तो हसत नव्हता. "त्या वेळी वारा नव्हता. कॅप्टननी वरून विंडसॉक पाहिला. लोंबत होता. वारा नसला की कुठूनही उतरा. फवारणीची शेतं तळ्यापलीकडं, तंबू इकडं. सरळ उतरलं की फेरा वाचतो."

विंडसॉक म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडाची लांब बाही. एक तोंड मोठे, कडीला बांधलेले. दुसरे टोक निमुळते, तेही उघडे. वारा मोठ्या तोंडातून शिरतो, लहान टोकातून निघतो, आणि बाही आडवी तरंगत वारा कुठे चालला ते दाखवते. तंबूशेजारच्या खांबावर ती या क्षणी छान आडवी झाली होती. पांढरी, मधे काव लावून केलेले तांबडे पट्टे. मी दोरी सोडून ती खाली घ्यायला सांगितली. दळवीने आधी कशाला म्हणून विचारले, मग घेतली.

मोठ्या तोंडाची कड दुमडून, दोन ओळींत शिवलेली होती. टाका इतका सारखा, की हात फिरवत राहावेसे वाटावे. निमुळते टोक मात्र कात्रीने कापलेले होते. न दुमडलेले, न शिवलेले, दोरे सुटलेले. तोंडाला एवढी काळजी घेणारा माणूस दुसरे टोक असे सोडून देईल, यावर माझा विश्वास बसेना.

"हे कोणी शिवलं?"

"गोरेगावात. कोणीतरी. जुनी फाटली होती." तो बाही पुन्हा वर चढवू लागला. त्याने ती भराभर चढवली.

चावडी

थावरूला गोरेगावच्या चावडीत बसवून ठेवले होते. कोंडलेले नव्हते, ओट्यावर, खांबाला पाठ टेकून तो बसला होता आणि शेजारी शेख जमादार. दोघे एकाच चंचीतली तंबाखू मळत होते. चौकशी अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. त्यांनी गाय म्हटले, की थावरूला हिंगोलीच्या कोर्टात पाठवायचे, असे जमादाराने मला तंबाखू मळता मळताच सांगितले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. काम होते.

"साहेब, तांड्याचा माणूस, समोर मोकळा माळ, अन् जनावर न्हाई? बराबर बसत न्हाई."

"बसत न्हाई कसं, जमादार?" थावरू म्हणाला. "दोन दिस झाले, मलाबी बसवलंय अन् तुमीबी बसले."

"तोंड बघा याचं!" जमादार मला म्हणाला, पण तंबाखूची अर्धी चिमूट त्यालाच दिली.

थावरू पन्नाशीचा, उंच, डोक्याला तांबडे पागोटे. मी त्याला धावण्याबद्दल विचारले.

"रोज इमान नाल्याकडून येते. तळ्याकडं तोंड करून टेकते. त्या दिशी तळ्याकडून आलं. मी म्हनलं, ह्ये काय उलटं? पागोटं सोडलं अन् हालवत धावलो. तिकून न्हाई, तिकून न्हाई, मनून. त्यो काय ऐकतो वरून?"

"वारा होता का?"

"पागोटं हातातनं सुटून राहिलं व्हतं."

"पण ती वरची बाही लोंबत होती, म्हणतात."

"व्हय. लोंबत व्हती. दुभत्या म्हशीच्या कासेवानी." तो मान हलवत म्हणाला. "वारा असून काहून लोंबती, ते मला न्हाई ठाव. मी जमादाराला सांगितलं. ते म्हनले, तू आता इमानवाल्याला शिकव."

जमादार म्हणाला, "मंग? शिकवतोच की तू."

मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही. धावणारा माणूस गुरे हाकत होता की विमान, हे ओल्या मातीतली पावले सांगत नाहीत. खूर दिसला नाही, याचा अर्थ मला दिसला नाही, एवढाच. पण म्हशीच्या कासेची उपमा मात्र डोक्यातून जाईना. कास भरलेली असली तरच तशी लोंबते.

तांडा

संध्याकाळी तांड्यावर गेलो. थावरूची बायको जमनी दारात भाकरी थापत होती. तिने मला बसायला बाज दिली, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी दिली, आणि मग भांडायला घेतले. पुण्यात आधी भांडतात आणि त्यानंतर कोणी जेवायला घालत नाही.

"लिवा, तुमीबी लिवा. गाय आली. समदे लिवून राहिले. कुनाची गाय? नाव सांगा म्हनावं. आमच्या गाईला नाव असते."

"त्या सकाळी तुमची गुरं कुठं होती?"

"दावणीला. रातभर पानी. नाला भरून चाल्ला व्हता. पल्याड न्यायचं बोलणं झालेलं, अन् पल्याड जाता येईना. मंग बांधून ठिवली, कापून टाकला चारा." तिने गोठ्याकडे बोट केले. चार गाई आणि दोन बैल कडबा चघळत होते.

तांड्याचा नायक, पिकलेल्या मिशांचा म्हातारा, तिथे येऊन बसला होता. मी त्याला विचारले, की सगळ्या तांड्याने गुरे बांधली होती, याला बाहेरचा साक्षीदार कोण?

"बाहेरचा हितं कशाला यील?" तो म्हणाला. "आमचे आजे लमाणीचे बैल घेऊन मुलखभर मीठ न्यायचे. तवा समदे वाट पाहायचे. आता गुरं दिसली की चोर म्हनतेत. थावऱ्याला कोर्टात नेला, की पुढं कुटंबी शेळी हरवू द्या, जमादार पहिला हितं येतो. आज त्याच्या घरी, उद्या त्याच्या पोराच्या घरी. हे एक डाव सुरू झालं की न्हाई थांबत."

जमनी भाकरी परतत म्हणाली, "नोकरी गेली तर गेली. माझा मानूस चोर न्हाई, एवढं लिवता का?"

मी म्हणालो, की मला जे आढळेल ते लिहीन. ती म्हणाली, "मंग आढळू द्या." आणि दुसरी भाकरी ताटात टाकली.

गोरेगाव

गोरेगावात कपडे शिवणारे फार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात विचारले तेव्हा विमानाची बाही कोणी शिवली, हे चारही लोकांना माहीत होते, आणि चौघांनाही त्याचा अभिमान होता. किसनराव शिंपी. दुकान रस्त्याकडे उघडे, मागे घर. भिंतीवर नामदेव महाराजांची तसबीर, तिला ताजे फूल. किसनराव मशीनवर होते. साठीचे, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला.

"इमानाची बाही का? मीच शिवली." त्यांनी मशीन थांबवले. "तुमी पेपरवाले का? मंग लिवा, का इतकं चांगलं काम करून घेतात अन् मग कात्री लावतात."

मी वही उघडली. बोलणाऱ्याला थांबवू नये, हे या धंद्यातले पहिले शिक्षण.

"त्यो दळवी जुनी घेऊन आला. तोंड नीट, पण बूड फाटून पार लक्तरं झालेली. म्हनला, अशीच नवी शिवा. कापड त्यानंच दिलं, छागलीचं कॅनव्हास. मी बघितलं, बूड गेलंय. बूड गेलं म्हनूनच तर नवी पायजे. मी असं बूड घातलं, का हत्ती बसला तरी उसवू न्हाई. दुहेरी टाका, आतून पट्टी." त्यांनी बोटांनी हवेत टाका दाखवला. "नामदेव महाराजाच्या मुलखातला शिंपी हाय मी. बूड उघडं सोडून शिवण देत नसतो."

"आणि मग?"

"मग काय? दोन-तीन दिसांनी त्योच दळवी पळत आला. घामाघूम. म्हनला, बूड कापा. आत्ताच कापा. मी म्हनलं, अहो, टोक दुमडून तरी देतो, तर म्हनला टाइम न्हाई. मलाबी तकलीफ झाली. आपल्या हातानं आपली शिवण कापायची."

"तो कोणत्या दिवशी आला?"

"इमान पडलं त्याच दिशी. दुपारच्याला."

हा माणूस त्या दोन गोष्टी एकत्र जोडत नव्हता. त्याच्या हिशेबी विमान गाईने पाडले होते आणि बाही दळवीच्या लहरीने कापली गेली होती. मी विचारले, कापलेला तुकडा कुठे आहे.

"शिंप्याच्या घरात कापड वाया जात न्हाई," ते म्हणाले आणि आत हाक मारली. "सुमन, लेकराला आण."

सून एका वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीच्या डोक्यावर टोपरे होते. पांढरे, कपाळाशी कावेचा तांबडा पट्टा, आतून जुन्या लुगड्याचे मऊ अस्तर, हनुवटीखाली बंद. मागच्या बाजूला टोपऱ्याचे निमुळते टोक, दुहेरी टाक्याने पक्के बंद केलेले. माळावरच्या बाहीच्या कापलेल्या कडेशी ते मोजून पाहायची गरज नव्हती.

"पावसाचं टोपरं," किसनराव म्हणाले. "एक थेंब आत येत न्हाई."

मी त्यांना सांगायचे ठरवले. सांगितल्याशिवाय विचारणे बरोबर नव्हते. म्हणालो, की बाहीचे टोक उघडे असावे लागते. बंद टोकात त्या रात्रीच्या पावसाचे पाणी साठले. छागलीचे कॅनव्हास, पाणी धरणारच. भरलेली बाही वारा असूनही लोंबत राहिली. वैमानिकाने वरून ते पाहिले आणि वारा नाही असे समजून वारा पाठीशी घेऊन उतरला. म्हणून विमान थांबले नाही.

किसनराव चष्मा काढून पुसू लागले. सूनच आधी बोलली. "मामा, आपलं नाव काहून मधी घालता? गाय म्हनतेत ना समदे? म्हनू द्या."

"गाय म्हनतेत," किसनराव म्हणाले. "थावऱ्या बसलाय का चावडीत अजून?"

"आज दुपारी साहेब आले, की कोर्टात नेतील," मी म्हणालो.

"लोक म्हनतील, शिंप्यानं इमान पाडलं," सून म्हणाली. "तुमच्याकडं कोन शिवायला टाकंल?"

"ज्याला इमान हाय त्यो न्हाई टाकणार." ते उठले. "बाकीच्याला बूड लागतंच."

मुलीचे टोपरे सोडताना ती रडू लागली. त्यांनी खिशातली खडीसाखर तिच्या हातात दिली आणि पायात चपला सरकवल्या.

पुन्हा चावडी

चौकशी अधिकारी मुंबईकडून आले होते. बारीक, टाय घातलेले, काळ्या मातीने गुडघ्यापर्यंत रंगलेले. त्यांच्यासमोर दळवी उभा होता, ओट्यावर थावरू आणि त्याच्या मागे जमनीसह निम्मा तांडा. किसनरावांनी टोपरे टेबलावर ठेवले आणि मला सांगितले तेच सगळे पुन्हा सांगितले, दुहेरी टाक्यासकट.

अधिकाऱ्यांनी टोपरे उलटेसुलटे केले. जमादाराला पाणी मागितले. जमादाराने आधी आतले अस्तर उसवून काढले, तेव्हा किसनराव म्हणाले, "हळू, टाका ओढू नका." मग तांब्यातले पाणी टोपऱ्यात ओतले. सगळे पाहत होते. कापड गडद झाले, फुगले, टोकाशी ओल आली. थेंब पडला नाही. जमादाराने ते बंदाला धरून उचलले आणि फुंकर घातली, मग पुठ्ठ्याने वारा घातला. ते तसेच लोंबत राहिले.

"म्हशीची कास," थावरू हळूच म्हणाला.

"गप रे," जमादार म्हणाला. पण टोपरे हातात धरून तोही त्याच्याकडेच पाहत होता.

अधिकाऱ्यांनी दळवीकडे वळून विचारले, की गाय हा शब्द पहिल्यांदा कोण बोलले. दळवी म्हणाला, "मी. कॅप्टनना नाल्यातून काढलं तेव्हा ते म्हणाले, तो माणूस पट्टीवर काय करत होता? मी म्हणालो, गाय हाकत असेल. नंतर बाही खाली घेतली, तर त्यातून पाणी धारेनं आलं." तो टोपऱ्याकडे पाहत होता. "मी टोक पाहिलं नव्हतं, साहेब. शिवून आली, वर चढवली आणि चहा प्यायला गेलो. बाहीचं टोक कोण पाहतो?"

अधिकारी मला नंतर म्हणाले, की अशा अपघाताला एक कारण नसते. बंद टोक, रात्रीचा पाऊस, ओले गवत, पाठीचा वारा, उतारावर संपणारी पट्टी. आणि वैमानिकाने एक घिरटी घातली असती, तर तळ्याच्या पाण्यावरच्या लाटांवरून त्याला वारा कळला असता. ती त्याने घातली नाही. का, हे विचारायला ते हिंगोलीला जाणार होते. मलाही विचारायचे होते. दवाखान्याच्या खिडकीकडे वळलेली त्याची नजर मी विसरलेलो नव्हतो. तळे त्यालाही वरून दिसले असेल, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही.

पंचनाम्यात जमादाराने लिहिले: "पांढरे टोपरे, तांबडा पट्टा, नग एक." मग किसनरावांना विचारले, "परत पायजे का?"

"काम झाल्यावर द्या. लेकराचं हाय."

थावरूला जायला सांगितले. जमादाराने तोंडानेच सांगितले. सही नाही, माफी नाही. जमनीने ओट्याजवळ येऊन मला विचारले, "आढळलं का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मंग लिवा बराबर," आणि नवऱ्याकडे न पाहता पुढे चालू लागली. नायकाने जमादाराला राम राम केला. जमादारानेही केला. पुढे कुठे शेळी हरवली तर तो पहिला कोणाच्या दारात जाईल, हे मात्र त्या राम रामावरून कळत नव्हते.

निघताना जीप माळावरून गेली. थावरूही बरोबर होता. त्याचे पहाऱ्याचे काम दळवीने चालू ठेवले होते, किंवा थावरूला काढायची हिंमत दळवीला झाली नव्हती. वारा पश्चिमेचा होता आणि बाही आडवी तरंगत होती. उतरल्या उतरल्या थावरू खांबाकडे गेला. दळवी म्हणाला, "अरे, ती ठीक आहे आता."

थावरूने त्याच्याकडे पाहिले, दोरी सोडली आणि बाही खाली घेतली. मोठ्या तोंडातून हात घातला, खांद्यापर्यंत, आणि निमुळत्या टोकातून बाहेर आलेली आपली बोटे हलवून पाहिली. मग ती वर चढवली. दोरी बांधून झाल्यावरही तो तंबूकडे गेला नाही. वर पाहत तिथेच उभा राहिला.